शाळेवरून मन उडालेल्या मुलांना कामापर्यंत नेताना

शाळेच्या पटावर नाव आहे पण मुलगा शाळेत नाही. किंवा मुलगी बाकावर बसलेली आहे, पण तिचं लक्ष महिनोन् महिने कुठेच नाही. चौदा ते एकोणीस या वयातली अशी मुलं शाळा सुटल्यावर बहुतेकदा कोणाच्याच यादीत राहत नाहीत. शाळेच्या लेखी ती गेलेली असतात आणि पुढच्या प्रशिक्षण केंद्राच्या किंवा मालकाच्या लेखी अजून आलेली नसतात. या मधल्या टप्प्यात शिक्षक, समुपदेशक, संस्थांचे कार्यकर्ते किंवा नात्यातलं एखादं जबाबदार माणूस काय करू शकतं, ते इथे मांडलं आहे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. 'आधी आवड निर्माण करू, मग कामाला लावू' हा क्रम या मुलांच्या बाबतीत सहसा चालत नाही. छोटं पण खरं काम हातात आलं, ते जमलं आणि कोणीतरी ते पाहिलं, की आवड मागून येते. आणि मुलगा कामावर रुजू होतो त्या दिवशी तुमचं काम अर्ध्यावर आलेलं असतं. रुजू झाल्यानंतरचे पहिले सहा आठवडे सर्वात नाजूक, आणि नेमकं तेव्हाच बहुतेक मदत थांबते.

गप्प बसण्यामागे काय आहे?

नाव कमी होण्याची वाट पाहू नका. शाळेच्या एकूण दिवसांपैकी दहा टक्के दिवस बुडाले की तो धोक्याचा इशारा समजण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती धरून चालायला हरकत नाही. पण नुसत्या आकड्यापेक्षा कोणते दिवस आणि कोणते तास बुडतात ते बघा. सोमवारच बुडतो का? मधल्या सुट्टीनंतर गायब होतो का? एकाच विषयाचा तास टाळतो का? सोमवार बुडत असेल तर घरी आठवड्याच्या शेवटी काय होतं ते विचारा. एकच तास टाळला जात असेल तर तो विषय, तो शिक्षक किंवा शेजारी बसणारं कोणीतरी, यांतलं काहीतरी कारण असतं.

बाहेरून 'याला कशातच रस नाही' असं एकसारखं दिसणाऱ्या मुलांची आतली कारणं फार वेगवेगळी असतात. कोणाला नीट वाचता येत नाही आणि ते लपवण्यात त्याची सगळी ताकद जाते. कोणाला त्रास दिला जातो. कोणी घरातल्या आजारी माणसाचं किंवा लहान भावंडांचं करत असतं. कोणी आधीच कुठेतरी कमावत असतं. कोणाला नैराश्य असतं, कोणाला नशेची सवय लागलेली असते. कोणी हुशार असतं आणि त्याला खरोखर कंटाळा आलेला असतो. यातल्या प्रत्येकाला वेगळी मदत लागते, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे फक्त हे समजून घेण्यासाठी ठेवा. झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, स्वतःला इजा करण्याची भाषा येते आहे असं दिसलं तर कामाचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

वाचनाची अडचण सर्वात जास्त नजरेतून सुटते, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर. नववी-दहावीपर्यंत पोहोचलेलं मूल वाचू शकत असेलच असं गृहीत धरू नका. वर्गात पाठ करून, शेजाऱ्याचं बघून, विनोद करून किंवा भांडण काढून वर्षं निघून जातात. तपासायचं असेल तर धडा वाचायला देऊ नका, त्याने लाज वाटते. एखादी कामाच्या ठिकाणची सूचना द्या, सात-आठ ओळींची, आणि म्हणा, 'यात आपल्याला काय काय करायला सांगितलंय, ते मला सांगशील?' मोठ्याने वाचून घेण्याची गरज नाही. तो कागद परत सरकवत 'तुम्हीच सांगा', 'चष्मा नाही आणला', 'नंतर बघतो' म्हणाला, तर बहुतेकदा उत्तर मिळालेलं असतं. मोजमापाचंही असंच: पट्टी हातात देऊन टेबलाची लांबी, तिची निम्मी आणि चौथा हिस्सा विचारा. अडचण दिसली की कोणताही निष्कर्ष काढण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्म्याचा नंबर किंवा एका कानाने कमी ऐकू येणं वर्षानुवर्षं 'लक्ष देत नाही' या शेऱ्याखाली दडून राहतं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. त्यांची गैरहजेरी घरात शांतपणे जिरून जाते. त्या भांडत नाहीत, तक्रार येत नाही, घरकाम वाढत जातं आणि एक दिवस नाव कमी होतं. म्हणून 'त्रास देणाऱ्यांची' यादी करून तिच्यावरच काम सुरू केलं तर मुली सुटतात. यादी हजेरीवरून करा.

पहिलं बोलणं

पहिल्या भेटीत 'पुढे काय करायचं ठरवलंयस?' हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर माहीत नसतं, आणि उत्तर नसल्याची जाणीव हेच तर त्याच्या दूर राहण्याचं एक कारण असतं. त्याऐवजी काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलं ते विचारा. कधी उठला, कुठे गेला, कोणासोबत होता, कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही. या एका दिवसाच्या वर्णनात त्याची ओढ, त्याच्या जबाबदाऱ्या, झोप आणि संगत सगळं येतं. समोरासमोर खुर्च्या टाकून बसण्यापेक्षा चालता चालता किंवा काहीतरी करता करता बोलणं चांगलं. नजर चुकवायची मुभा असली की मुलं जास्त बोलतात. वीस मिनिटं पुरे. पुढची भेट कधी, ते त्याच्यासमोर ठरवा आणि ती वेळ काहीही झालं तरी पाळा. मोठ्यांनी दिलेल्या वेळा मोडतात हा त्याचा आधीचा अनुभव असतो, आणि तुमची पहिली परीक्षा तो तिथेच घेतो.

बोलण्याची एक रीत इथे फार कामी येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती दारू सोडू पाहणाऱ्या लोकांसाठी मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. तिचा गाभा असा: तुम्ही बदलाच्या बाजूने जितका जोर लावाल, तितका समोरचा उलट बाजूने बोलेल आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिथे पक्का होईल. म्हणून बदलाची कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत. प्रत्यक्षात ते असं करतात. 'कामाला लागावंसं किती वाटतं, शून्य ते दहामध्ये?' मुलगा म्हणतो, 'तीन.' इथे बहुतेक मोठी माणसं 'फक्त तीन का?' असं विचारतात, आणि मुलगा न जाण्याची सगळी कारणं सांगून मोकळा होतो. त्याऐवजी विचारा, 'तीन म्हणालास, मग एक का नाही?' आता तो जी दोन-तीन वाक्यं बोलेल ('घरी बसून कंटाळा येतो', 'आईकडे पैसे मागावे लागतात') तीच पुढच्या सगळ्या कामाची सुरुवात. त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. सहाव्या आठवड्यात तो सोडून जायला निघेल तेव्हा ती लागतील.

मग एका पानाची माहिती दोघांनी मिळून तयार करा. 'मेहनती', 'प्रामाणिक' असली विशेषणं नकोत; काय करतो ते क्रियापदात लिहा. सायकलची चेन बसवतो. दोन लहान भावंडांना सकाळी तयार करून शाळेत सोडतो. मोबाइलचा डिस्प्ले बदलून पाहिलाय, एकदा बिघडला, दोनदा जमला. वीस जणांना निरोप देऊन सामना ठरवतो. याच पानावर 'मला सांभाळून घ्यावं अशा गोष्टी' या मथळ्याखाली दोन ओळी ठेवा: सगळ्यांसमोर ओरडलं तर मी निघून जातो, एकदम चार सूचना दिल्या तर पहिली विसरतो. कोणाला काय सांगायचं हे मूल ठरवेल. त्याच्या परवानगीशिवाय हे पान मालकाकडे जाता कामा नये.

कामाची चव

व्यवसाय मार्गदर्शनाच्या व्याख्यानांवर आणि आवडीच्या चाचण्यांवर फार वेळ घालवू नका. ज्याने कधी सुतारखान्याची, छापखान्याची किंवा दवाखान्याच्या नोंदणी खिडकीमागची जागा पाहिलेली नाही, तो चाचणीत काय निवडणार? तीन वेगळ्या जागी एक-दोन दिवस काढू द्या: एक हातकामाची, एक माणसांशी बोलण्याची, एक त्याला 'हे आपल्याला शक्यच नाही' वाटणारी. तिसरी जागा मुद्दाम ठेवा, कारण मुलं आपल्या गल्लीतल्या माणसांनी जे केलं त्याच्या पलीकडे सहसा मागतच नाहीत.

जागा शोधताना तीन ते दहा माणसांचं छोटं कामठिकाण बहुतेकदा मोठ्या कंपनीपेक्षा चांगलं. तिथे मुलगा लपत नाही, आणि कोणाला विचारायचं ते त्याला पहिल्या तासात कळतं. मालकाला 'एका गरजू मुलाला संधी द्या' असं म्हणू नका. दया म्हणून घेतलेल्या मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवतात. नेमकी मागणी करा: दोन दिवस, सकाळी दहा ते एक, अमुक काम, शिकवायला अमुक एक माणूस, अडचण आली तर मी दहा मिनिटांत फोनवर. मालकाचा खरा प्रश्न 'हा बिघडवेल का' हा नसतो, 'याच्यामागे माझा किती वेळ जाईल' हा असतो. त्याचं उत्तर तयार ठेवा.

काम खरं असावं लागतं. केर काढणं आणि चहा आणणं यातून कोणी काही शिकत नाही, आणि केवळ सरावासाठी बनवून मोडून टाकलेल्या वस्तूंनीही मन लागत नाही. डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच मुलांसाठी उत्पादन शाळा सुरू झाल्या. तिथली मुलं सुतारकाम, स्वयंपाक, शिवण अशा कार्यशाळांत खऱ्या ग्राहकांसाठी खरा माल तयार करत आणि तो विकला जाई. २०१९ मध्ये या शाळा तिथल्या नव्या पायाभूत शिक्षणव्यवस्थेत सामावून घेतल्या, पण खऱ्या कामातून शिकण्याचं तत्त्व तिथेही राहिलं. खुर्ची कोणीतरी विकत घेणार आहे हे ठाऊक असलं, की मापातली तीन मिलिमीटरची चूक शिक्षकाने दाखवावी लागत नाही.

'आधी पूर्ण तयारी, मग काम' या विचाराला धक्का देणारं आणखी एक काम अमेरिकेत झालं. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांसाठी उलटा क्रम वापरला: व्यक्तीची इच्छा असेल तर लवकर खऱ्या नोकरीत बसवा, आणि शिकवणं व आधार नोकरी चालू असताना द्या. ही पद्धत पुढे तरुणांसाठीही वापरली गेली. आपल्या मुलांसाठी तिच्यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या तीन महिन्यांच्या वर्गाच्या शेवटी काम ठेवलं, तर काम येईपर्यंत निम्मी मुलं निघून गेलेली असतात. काम आधी ठेवा, वर्ग त्याच्या भोवती बसवा.

कायदा आणि सुरक्षितता

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८ कामाचं किमान वय सर्वसाधारणपणे १५ ठरवतो, विकसनशील देशांना सुरुवातीला १४ ची मुभा देतो आणि धोक्याच्या कामासाठी १८ ही मर्यादा घालतो. शालेय वयातल्या मुलांना शिक्षण न बुडवता हलकं काम करण्यापुरती सूट त्यात आहे. प्रत्येक देशाचे नियम त्याच्या आत-बाहेर असतात, म्हणून आपल्याकडचा कायदा कामाचे तास, रात्रपाळी आणि बंदी असलेली यंत्रं या तीन मुद्द्यांवर लेखी तपासून घ्या. मुलाला पाठवण्याआधी जागा स्वतः पाहा. यंत्रांचे उघडे पट्टे, उंचीवरचं काम, रसायनं, स्वच्छतागृह, जाण्यायेण्याचा रस्ता, आणि मूल एखाद्या मोठ्या माणसासोबत बंद जागेत तासन् तास एकटं राहणार आहे का. पालकांची लेखी संमती, विम्याची तरतूद आणि अपघात झाल्यास कोणाला फोन करायचा, हे कागदावर असू द्या. नवख्या माणसाला अपघाताचा धोका पहिल्या महिन्यात सर्वात जास्त असतो आणि 'समजलं नाही' म्हणायची लाज हे त्याचं एक मोठं कारण आहे. म्हणून 'थांबा, परत दाखवा' हे वाक्य मुलाकडून मोठ्याने दहा वेळा म्हणवून घ्या. ते तोंडात बसलेलं असलं तरच गडबडीत बाहेर येतं.

काम की प्रशिक्षण, आणि मधली पोकळी

ज्यात काम आणि शिक्षण एकत्र आहे, अशी शिकाऊ उमेदवारी या मुलांना बहुतेकदा सर्वात जास्त मानवते: आठवड्यातले बरेचसे दिवस कामावर, एक-दोन दिवस वर्गात, हातात थोडं विद्यावेतन. तशी जागा मिळत नसेल आणि प्रशिक्षण केंद्र निवडायचं असेल, तर माहितीपत्रकावर जाऊ नका. तिथे प्रत्यक्ष विचारा: आठवड्यातले किती तास हातकाम? मागच्या तुकडीत किती जण आले आणि किती जणांनी शेवट गाठला? एक आठवडा आजारी पडलं तर बुडालेलं भरून कसं काढतात? या प्रमाणपत्रावर नेमकं कोणतं काम मिळतं, आणि ते गेल्या वर्षी कोणी दिलं? शेवटच्या प्रश्नाला नाव न घेता उत्तर आलं तर दुसरं केंद्र बघा.

शाळा संपणं आणि पुढचं सुरू होणं यातली सुट्टी धोक्याची असते. प्रवेश झालेला असतो, सगळे निर्धास्त होतात आणि पहिल्या दिवशी मूल पोहोचतच नाही. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तरुणांसाठी हमी जाहीर केली, तिच्यात शिक्षण किंवा नोकरी सुटल्यापासून चार महिन्यांच्या आत काम, पुढचं शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षण देऊ करण्याची मुदत आहे. सरकारी यंत्रणेसाठी ती ठीक, पण सोळा वर्षांच्या मुलासाठी चार महिने फार मोठे. दिवसाची घडी दोन आठवड्यांतही मोडते. या काळात दर सात-आठ दिवसांनी संपर्क ठेवा, आणि प्रत्येक वेळी एक छोटं कारण असू द्या: फोटो काढायचा, केंद्राचं दार बघून यायचं, तिथल्या शिक्षकांना भेटायचं.

कागदपत्रांवर जागा जातात. जन्मनोंद, ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँक खाते या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षरशः एक आहे का, ते काम किंवा प्रशिक्षण सुरू होण्याच्या किमान आठ आठवडे आधी तपासा. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावर विद्यावेतन महिनोन् महिने अडकतं. पैसे वेळेवर न मिळालेलं मूल तक्रार करत नाही, यायचं थांबतं. एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या तीन प्रती ठेवा आणि मोबाइलवर फोटोही. फॉर्म मुलानेच भरायचा, तुम्ही शेजारी बसायचं.

पहिला दिवस

नेमक्या वेळेला एकदा जाऊन या. रविवारी दुपारी नाही, तर कामाच्या दिवशी, सकाळच्या गर्दीत, ज्या वाहनाने तो रोज जाणार त्याच वाहनाने. मग त्याच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या: कोणत्या दारातून आत जायचं, कोणाचं नाव सांगायचं, पोहोचल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, डबा कुठे खायचा, पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे, सुट्टी किती वाजता. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटतं, पण जेवणाच्या सुट्टीत कोणासोबत बसायचं ते न कळल्यामुळे पहिल्याच दिवशी घरी परतलेली मुलं कमी नाहीत. बूट आणि कपडे आदल्या आठवड्यात बघा. पहिला पगार हातात येईपर्यंतचं प्रवासभाडं कुठून येणार, तेही आधी ठरवा. पहिल्या महिन्यातली अनेक गैरहजेरी आळसाची नसते, तिकिटाचे पैसे नसल्याची असते.

झोपेला गंभीरपणे घ्या. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं आणि रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. त्यातच या वयाला आठ ते दहा तास लागतात. पहाटे तीनला झोपून दुपारी बाराला उठणाऱ्या मुलाला सोमवारी सकाळी आठला हजर राहा म्हणणं म्हणजे अपयश ठरवून देणं. शक्य असेल तर उशिरा सुरू होणारी पाळी मागा. नाहीतर तीन-चार आठवडे आधीपासून उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-अर्धा तास अलीकडे आणा, उठल्यावर लगेच बाहेर उजेडात न्या, आणि सुट्टीच्या दिवशीही ती वेळ फार ढळू देऊ नका. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि उठवायला साधं गजराचं घड्याळ.

पहिले सहा आठवडे

संपर्काचं वेळापत्रक असं ठेवा: पहिल्या दिवशी संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी, पहिल्या आठवड्याच्या शेवटी, मग दर आठवड्याला एकदा. शिकवणाऱ्या माणसाशी वेगळं बोला, तेही दर आठवड्याला, पाच मिनिटं. 'सगळं ठीक ना?' असं विचारलं की दोन्हीकडून 'हो' येतं आणि काहीच कळत नाही. विचारा, 'या आठवड्यात त्याला कोणतं नवीन काम दिलं? कुठे अडला?' मुलाला विचारा, 'आज कोणाशी बोललास? कशाचा राग आला?'

तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पहिल्या तीन-चार दिवसांत शरीर दमतं, पाय दुखतात, आणि हे आपल्याला जमणार नाही असं वाटतं. हे होणार आहे असं आधी सांगितलेलं असलं तर ते सोसलं जातं. नंतर येतो पहिला ओरडा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला नवेपणा संपतो आणि तेच तेच काम कंटाळवाणं होतं, तेव्हा शिकवणाऱ्याला सांगून एक नवी जबाबदारी मिळवून द्या, अगदी मालाची मोजणी का असेना. आणि पहिला पगार. घरी त्यातले किती द्यायचे, स्वतःकडे किती ठेवायचे, हे पगाराच्या आधी आईवडिलांसोबत बसून ठरवलं नाही तर भांडण होतं. सगळेच्या सगळे काढून घेतले गेले तर मुलाला उद्या जाण्याचं कारण उरत नाही.

खाडा कसा होतो ते जवळून बघण्यासारखं आहे. मुलगा एक दिवस उशिरा उठतो. आता जाऊन ओरडा खाण्यापेक्षा आज नकोच, असं ठरवतो. कळवत नाही, कारण काय बोलायचं ते सुचत नाही. दुसऱ्या दिवशी कालच्या न कळवण्याची लाज जोडली जाते. तिसऱ्या दिवशी फोन बंद. चौथ्या दिवशी मालक दुसरा मुलगा बघतो. सुरुवात झाली वीस मिनिटांच्या उशिराने. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे दोन निरोप आधीच लिहून मोबाइलमध्ये ठेवायचे. पहिला निरोप: 'दादा, मला आज उशीर होतोय. साडेनऊपर्यंत पोहोचतो.' आणि दुसरा निरोप: 'दादा, मी आज आजारी आहे, येऊ शकत नाही. उद्या येतो.' ऐन वेळी फक्त पाठवायचं. दुसरा उपाय जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात अभ्यासलेला: 'मी वेळेवर जाईन' असा नुसता निश्चय करण्याऐवजी 'असं झालं, तर मी असं करीन' या साच्यात ठरवणं. गाडी चुकली तर मी लगेच निरोप पाठवीन आणि पुढच्या गाडीने जाईन. साहेब ओरडले तर मी पाणी प्यायला जाईन, पाच मिनिटांनी परत येईन आणि काय चुकलं ते विचारीन. अशा तीनच योजना करा, त्याच्या भाषेत. दहा केल्या तर एकही आठवत नाही.

शिकवणाऱ्यालाही शिकवावं लागतं. चांगला कारागीर चांगला शिक्षक असेलच असं नाही. त्याच्या हाताला जे आपोआप येतं ते तो सांगायला विसरतो. त्याला तीनच गोष्टी सांगा: एका वेळी एकच काम दाखवा आणि ते असंच का करायचं तेही सांगा, 'समजलं का?' असं न विचारता करून दाखवायला लावा; चूक त्याच दिवशी दाखवा, पण चारचौघांत नाही.

तासांची घाई करू नका. बराच काळ घरी बसलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात दोन-तीन अर्धे दिवस, मग चार, मग पूर्ण दिवस, असं चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत पूर्ण वेळेवर आणता येतं. मात्र केव्हा वाढवायचे हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. नाहीतर अर्धा दिवसच कायमचा होतो आणि पगारही तेवढाच राहतो.

सोडून आला तर

बरीच मुलं पहिली जागा सोडतात. अठ्ठेचाळीस तासांच्या आत भेटा, उपदेश न करता. दिवस कसा होता, कोणत्या क्षणी ठरवलं, त्याआधी काय झालं, हे क्रमाने विचारा. काम आवडलं नाही, माणसं आवडली नाहीत, की जाण्यायेण्याने दमला, हे वेगवेगळं काढा. सुतारकाम नको म्हणणाऱ्या मुलाला कित्येकदा सुतारकाम चालत असतं, दीड तासाचा प्रवास चालत नसतो. पैसे दिले नाहीत, जास्त तास राबवलं, मारलं किंवा अंगाला हात लावला असं काही पुढे आलं, तर सोडून येणं हा योग्य निर्णय होता असं त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, तक्रार तुम्ही पुढे न्या, आणि ती जागा कायमची यादीतून काढा. इतर बाबतीत मालकाला मुलासोबत जाऊन भेटा, उरलेला पगार घ्या, दार उघडं ठेवा. दुसरी जागा दोन आठवड्यांच्या आत उभी करा. त्यापेक्षा उशीर झाला की 'मला कुठेच जमत नाही' हे त्याचं मत पक्कं होतं. पहिल्या भेटीत लिहून ठेवलेली त्याची दोन-तीन वाक्यं आता काढा आणि त्यालाच वाचायला द्या.

संस्थेच्या पातळीवर यश मोजायचं तर रुजू झालेल्यांची संख्या मोजू नका. तेरा आठवड्यांनी आणि सव्वीस आठवड्यांनी कोण अजून कामात किंवा प्रशिक्षणात आहे ते मोजा, आणि जागा बदललेल्यालाही यशस्वी धरा. तेरा आठवड्यांनंतर भेटी महिन्यातून एकदा पुरतात.

एका कार्यकर्त्याकडे किती मुलं असावीत? ड्रेक आणि बेकर यांच्या पद्धतीत कमाल मर्यादा वीस आहे. शाळेवरून मन उडालेल्या मुलांसाठी पंधराच धरा, आणि त्यातही एकाच वेळी पहिल्या सहा आठवड्यांत असलेली मुलं चार-पाचपेक्षा जास्त होऊ देऊ नका. त्यासाठी रुजू होण्याच्या तारखा एकमेकींपासून दोन-दोन आठवडे लांब ठेवा. सगळी तुकडी एकाच सोमवारी कामावर पाठवली, तर बुधवारी संध्याकाळी पंधरा फोन करायचे असतात आणि ते कोणालाच करता येत नाहीत.